नेमकं मॅडम

ऑपरेशनच्या टेबलावर आडवं केलं की माणसं देवाचं नाव घेतात, कुणी घरच्यांना शोधतं, कुणी नुसतंच रडतं. आहेर मॅडमनी पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला आलेल्या डॉक्टरला विचारलं, "तुम्ही सकाळी उठल्यापासून नेमकं काय काय करता?"

डॉक्टर भला माणूस. सिरिंज भरता भरता सांगायला लागला, की आधी पेशंटचं वजन बघतो, मग हृदयाचे रिपोर्ट बघतो, मग... आणि तिथेच मॅडमचा डोळा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं नाही की त्या कण्हल्या नाहीत. नर्सला म्हणाल्या, "ते डॉक्टर कुठे गेले? त्यांचं वाक्य अर्धं राहिलंय."

त्या डॉक्टरला त्यांनी सोडलं नाही. टाके निघायच्या आत त्याचा नंबर मिळवला, आणि पुढे एकदा तो आमच्या शाळेत नववीच्या वर्गासमोर उभा राहून आपलं अर्धं वाक्य पुरं करत होता. एका मुलाने त्याच्यावर सादरीकरण लिहिलं. मथळा होता, 'भुलवणारा डॉक्टर'. तो मी खोडून 'भूलतज्ज्ञ' केला. मॅडम म्हणाल्या, "सर, आधीचंच बरं होतं. निदान कळत तरी होतं."

आमची शाळा नाशिकच्या इंदिरानगरात. मी मराठी शिकवतो, आहेर मॅडम विज्ञान. नववीच्या मुलांनी विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित यांतलं एक करिअर निवडायचं, त्याची माहिती काढायची आणि विज्ञान सप्ताहात सगळ्यांपुढे सादर करायची, असा उपक्रम शाळेत कधीचाच आहे. पूर्वी तो फार सुखाचा उपक्रम होता. मुलं इंटरनेटवरून चार परिच्छेद उतरवायची, रॉकेटचं चित्र चिकटवायची, पालक व्हिडिओ काढायचे, आणि सगळे वडे खाऊन घरी जायचे. आहेर मॅडमच्या हातात तो गेला आणि आमच्या सगळ्यांच्या सुखाला ओहोटी लागली.

त्यांचा नियम एकच. चित्र नको, माणूस शोधा. ते काम करणाऱ्या जिवंत माणसाला भेटा आणि विचारा, की तुम्ही नेमकं काय करता. 'इंजिनिअर' हे उत्तर त्यांना चालत नसे. "इंजिनिअर हे नाव झालं रे. काम सांग काम! सकाळी उठतो, डबा घेतो, गाडीला किक मारतो. पुढे? नेमकं?" हा 'नेमकं' उच्चारताना त्यांची मान पुढे यायची आणि उजव्या हाताची दोन बोटं हवेतून काहीतरी चिमटीत पकडायची. मुलांनी त्यांचं नावच 'नेमकं मॅडम' ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. राग कसला, उलट एकदा पालकसभेत त्यांनीच अशी स्वतःची ओळख करून दिली.

दिसायला मॅडम लहानखुऱ्या. सुती साडी, खाली बुटांच्या लेस घट्ट आवळलेल्या. स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची एक खुर्ची होती. तिच्यावर तक्ते, परीक्षानळ्यांचं खोकं आणि एक फुटका पृथ्वीगोल कायम बसलेला असायचा, कारण मॅडम बसतच नसत. डबा त्या चालता चालता खात. भाकरीत भाजी गुंडाळायची, हातात धरायची आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत आम्हाला नवीन सापडलेल्या माणसाची गोष्ट सांगायची. आज सिग्नल दुरुस्त करणारा सापडला, काल नदीच्या पाण्याचे नमुने घेणारी मुलगी भेटली. त्यांच्यामागे मान फिरवून फिरवून आमच्या गणिताच्या सरांना स्पाँडिलायटिस झाला, असं ते स्वतः सांगतात.

एकदा स्टाफमधल्या एकाच्या भाच्याच्या लग्नाला आम्ही सगळे पंचवटीतल्या एका कार्यालयात गेलो होतो. स्टेजवर आहेर द्यायला रांग. मॅडमनी पाकीट नवरदेवाच्या हातात दिलं आणि विचारलं, "तुम्ही काय करता?"

"आयटीत आहे," नवरा म्हणाला.

"आयटीत म्हणजे नेमकं?"

"टेस्टिंग."

"काय टेस्ट करता?"

मागची रांग खोळंबली. फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, इकडे बघा. मॅडम नवऱ्याकडेच बघत होत्या. नवऱ्याला फेट्याखाली घाम फुटला. शेवटी तो म्हणाला, "एक अ‍ॅप आहे. त्यात एक बटण आहे. लोक ते घाईत दोनदा दाबतात. दोनदा दाबलं तरी एकदाच दाबल्यासारखं व्हावं, ते मी बघतो."

"वा!" मॅडम म्हणाल्या. "किती महत्त्वाचं काम आहे!" नवरा इतका खूश झाला की त्याने वाकून नमस्कार केला. शेजारी उभी असलेली नवरी त्याच्याकडे नव्याने बघत होती. तिलाही ते तेव्हाच कळलं असावं.

अशा बाईबरोबर काम करणं म्हणजे दिवसभर पायाला भिंगरी. मुलांची लिखाणं शुद्ध करायचं काम माझ्याकडे होतं. पण मॅडम नुसतं लिखाण देत नसत, माझ्यामागे उभ्या राहत. "सर, झालं? सर, इथे 'संशोधन करतो' असं लिहिलंय, ते काढा. संशोधन म्हणजे नेमकं काय करतो? उकळतो? मोजतो? कुणाशी भांडतो?" एका मुलीने भूगर्भशास्त्रज्ञाचा 'गर्भशास्त्रज्ञ' केला होता, तो दुरुस्त करेपर्यंत त्यांनी मला दुसरे तीन कागद दिलेले असत. रात्री झोपेतसुद्धा मला कुणीतरी 'नेमकं?' विचारतंय असं वाटायचं. बायको म्हणायची, तुम्ही हल्ली जेवताना पाय हलवता.

मुख्याध्यापक बोरसे सरांना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. त्यांना कार्यक्रम दिसायला हवा होता. यंदा त्यांनी एक मोठे पाहुणे ठरवले आणि वेशभूषेच्या दुकानातून पांढरे कोट, हेल्मेटं आणि अंतराळवीराचा चंदेरी पोशाख भाड्याने आणला. पोशाख एक, अंतराळवीर व्हायला तयार मुलं तीन. मॅडमनी तिघांना समोर उभं केलं. "अंतराळवीर सकाळी उठून नेमकं काय करतो?"

तिघांतला धीट मुलगा म्हणाला, "तरंगतो."

"मॅडम, मुलांना स्वप्नं बघू द्या," बोरसे सर म्हणाले. "तुम्ही सगळ्यांना बटणं आणि बॉयलर दाखवत बसता. करिअर म्हणजे काय असतं हे तुम्हाला..."

"माले बठ्ठं माहीत शे!" मॅडम कडाडल्या. म्हणजे, मला सगळं माहीत आहे. त्या मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी स्वच्छ शहरी बोलायच्या, पण पारा चढला की माहेरची अहिराणी बाहेर यायची. बोरसे सर जळगावचे, त्यामुळे त्यांना ती समजायची आणि ते गप्प बसायचे.

याच सुमारास नववीतली गायत्री थेटे एक प्रश्न घेऊन आली. थेटे मखमलाबादकडे राहतात. त्यांचं फुलांचं शेत आहे, घरचा माल पहाटे पंचवटीच्या फुलबाजारात जातो. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पॉलिहाउसातला गुलाब करपला होता. प्लास्टिकखाली किती तापलंय ते दाखवणारं मीटर तिथे लावलेलं होतं, आणि मीटरच्या मते सगळं ठीक होतं. वडील आकडा बघून निवांत होते आणि कळ्या जळत होत्या.

"मॅडम," गायत्री म्हणाली, "मीटर खोटं बोलतंय हे ओळखायचं कसं? ते तपासणारा माणूस असतो का? मला त्याच्यावर करायचंय."

स्टाफरूममध्ये आम्ही चौघेपाच जण होतो. आता मॅडमचा हात पर्समध्ये जाणार, फोन बाहेर येणार आणि पोरीला दहा नंबर मिळणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. मॅडम थांबल्या. हातातली भाकरी त्यांनी डब्यात ठेवली.

"असतो," त्या म्हणाल्या. "शोध."

"तुमच्या ओळखीचं कुणी..."

"शोध म्हटलं ना!" आणि त्या बाहेर गेल्या.

गायत्रीने शोधला. सातपूरच्या एका कारखान्याच्या गेटवर वडिलांना घेऊन गेली, वॉचमनने आत सोडलं नाही. कुणाच्या तरी ओळखीने एक साहेब सापडले, त्यांनी शनिवारची वेळ दिली आणि शनिवारी फोन उचलला नाही. कार्यक्रम तोंडावर आला. रविवारी दुपारी वडिलांनी तिला मोटारसायकलवरून माझ्या दारात सोडलं. पाठीवर दप्तर, दप्तरात ते खोटारडं मीटर आणि चेहरा रडवेला.

"सर, माझ्याकडे माणूसच नाय. मॅडमना हे मीटर तरी दाखवू का? फोन लावला तर लागत नाय."

मॅडमचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. पण खरं सांगायचं तर आम्ही स्टाफपैकी कुणीच तिथे कधी गेलो नव्हतो. मॅडम सगळ्यांच्या घरी जात, स्वयंपाकघरापर्यंत जात, पण स्वतःच्या घरी कधी कुणाला बोलावत नसत. मिस्टरांचा विषय निघाला तर 'आमचे हे कंपनीत आहेत' एवढं एक वाक्य, आणि ज्या बाईने जगाला 'नेमकं' विचारून भंडावलं तिला आम्ही कुणी कधी उलट विचारलं नव्हतं.

बेल वाजवल्यावर बऱ्याच वेळाने दार उघडलं, तेही अर्धंच. उंच, सडपातळ गृहस्थ, म्हणजे मॅडमचे मिस्टर, आहेर साहेब. रविवारची दुपार असून कडक इस्त्रीचा फिका निळा शर्ट, पँटमध्ये खोचलेला, मनगटावर घड्याळ. आता ऑफिसला निघतील असे.

"मॅडम घरी नाहीत," ते म्हणाले. "घोटीला गेल्यात. दोन मुलांना तांदळाच्या मिलमधलं मशीन दाखवायला." एवढं बोलताना त्यांना मधे दोनदा थांबावं लागलं.

मी 'बरं, येतो मग' म्हणणार होतो. पण गायत्रीने दप्तरातून मीटर काढलं होतं. "काका, हे त्यांना द्याल का? हे खोटं बोलतं. याच्यामुळे आमचे गुलाब गेले."

साहेबांनी मीटर हातात घेतलं. उलटं केलं. त्यातून निघालेल्या वायरीवरून बोट फिरवलं. "कुठे लावलं होतं?"

"पॉलिहाउसात. दाराशी."

"दाराशी?" त्यांनी भुवया उंचावल्या आणि दार पूर्ण उघडलं. "दाराशी कुणी लावतं का? आत या."

आत घर नीटनेटकं होतं, आवाज मात्र कसलाच नव्हता. गायत्री खुर्चीच्या टोकावर बसली आणि तिने थेट विचारलं, "काका, तुम्ही काय करता?"

"मी? काही नाही."

मी घाईने विषय बदलणार होतो, पण ती मॅडमची विद्यार्थिनी. "असं चालत नाय काका. मॅडम म्हणतात, काहीच करत नाही असा माणूसच नसतो. सकाळी उठल्यापासून नेमकं काय करता?"

साहेबांनी शर्टाची बाही सरळ केली. मग म्हणाले, "दाढी करतो. शर्टला इस्त्री करतो. घालतो. मग बसतो."

मला कुठे बघावं कळेना. गायत्रीने मान डोलावली, जणू हेही एक उत्तरच. "आणि त्याच्या आधी काय करायचात?"

"आधी?" साहेबांनी हातातल्या मीटरकडे बघितलं. "आधी हेच करायचो."

मग ते बोलायला लागले. सुरुवातीला एकेक शब्द, गंजलेला नळ फुरफुरतो तसा. ते औषधांच्या एका कारखान्यात होते. सकाळी पोचले की पहिली फेरी मीटरांची. बॉयलरवरचं, टाक्यांवरचं, गोदामातलं. प्रत्येकाजवळ आपलं खात्रीचं मीटर घेऊन जायचं आणि दोघांना शेजारी ठेवून विचारायचं, बाबा रे, तू खरं सांगतोयस का? "माणूस चुकला तर कुणीतरी ओरडतं," ते म्हणाले. "मीटर चुकलं तर कुणीच ओरडत नाही. सगळे त्याच्यावर विश्वास ठेवतात. म्हणून त्याच्यावर संशय घेणारा एक पगारी माणूस ठेवावा लागतो. तो मी."

गायत्री भराभर लिहीत होती. "मग याच्यावर घ्या ना संशय."

आम्ही तिघे स्वयंपाकघरात गेलो. साहेबांनी फ्रिजमधला सगळा बर्फ पातेल्यात काढला, वाटीभर पाणी घातलं, चमच्याने ढवळलं आणि मीटरची तार त्यात बुडवली. "वितळणारा बर्फ खोटं बोलत नाही. याने आता शून्य दाखवलं पाहिजे."

आकडा उतरत उतरत शून्याच्या खाली गेला आणि चारावर थांबला. उणे चार.

"हा म्हणतोय, तुमचा बर्फ बर्फापेक्षा थंड आहे," साहेब म्हणाले, आणि हसले. मग गॅसवर पाणी उकळलं. मला झाकण धरून उभं केलं होतं. नाशिक उंचावर असल्यामुळे इथे पाणी शंभराच्या थोडं आधीच उकळतं, हे त्यांनी सांगितलं, आणि मीटर त्याच्याही चार खाली होतं. "बघ. सगळीकडे चारच कमी. खोटं बोलतो, पण एकच खोटं बोलतो. असलं मीटर फेकायचं नसतं. चार मिळवायचे आणि वापरायचं. वेळेला दहा चुकतं आणि वेळेला बरोबर येतं, ते मीटर वाईट."

"म्हणजे बाबा पस्तीस वाचायचे तेव्हा एकोणचाळीस असायचं?"

"आणि दाराशी वारा लागतो. आत आणखी जास्त."

गायत्रीने वहीत एकोणचाळीस लिहिलं आणि तोच आकडा गिरवत राहिली. तिला आपले गुलाब दिसत असावेत. साहेबांनी तार पुसून तिच्या हातात दिली. "आता तू घे. घाई नको. आकडा थांबू दे, मग वाच."

तिच्या वडिलांना उशीर होईल असं कळवायला मी फोन घेऊन बाहेर आलो, आणि जिन्यातच अडखळलो. अर्ध्या जिन्यात, भिंतीला टेकून, आहेर मॅडम बसल्या होत्या. शेजारी घोटीच्या तांदळाची पिशवी. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आत जाऊ नका," त्या कुजबुजल्या. "ते बोलतायत. कधीपासून बोलतायत?"

"तासभर झाला असेल."

"तासभर!"

मी त्यांच्या एक पायरी खाली बसलो. वरून साहेबांचा आवाज येत होता, मधेच गायत्रीचा. मॅडमचे डोळे त्या दाराकडे लागले होते, आणि त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या.

"कंपनी बंद झाली, सर. सुरुवातीला यांनी खूप अर्ज केले. मग लग्नाकार्यात लोक विचारायला लागले, सध्या काय करता? लोकांचा काही वाईट हेतू नसतो. पण मग यांनी लग्नांना जाणं सोडलं. मग खाली उतरणं सोडलं. मग बोलणं. हो, नाही, वाढ, पुरे. एवढंच. मुलगी नागपूरला दिली, तिच्याशी फोनवरसुद्धा एवढंच."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगू? संध्याकाळी घरी आले की मीच बोलत राहते. आज हा भेटला, आज ती भेटली, तो असं काम करतो, ती तसं करते. बाहेर जाऊन गोष्टी गोळा करून आणते आणि त्यांच्यापुढे ओतते. भिंतीशी बोलल्यासारखं. ऐकतात की नाही तेही कळत नाही." त्यांनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "अख्ख्या जगाला विचारत सुटते ना मी, नेमकं काय करता म्हणून? घरात नाही विचारवत. ते 'काही नाही' म्हणाले तर पुढे काय बोलायचं, ते मला येत नाही."

"म्हणून गायत्रीला यांचं नाव सांगितलं नाहीत."

"कसं सांगू? त्या पोरीसमोर बसले आणि शब्दच फुटला नाही तर? त्यांना ते सहन झालं नसतं." पिशवी जवळ ओढत म्हणाल्या, "मलाही."

आतून साहेब कशावर तरी मोठ्याने हसले. मॅडमनी तोंडावर पदर धरला. मी म्हटलं, चला ना आत. त्या म्हणाल्या, "नको. मी गेले की थांबतील. तुम्ही जा, काही बोलू नका." गायत्रीला घेऊन मी निघालो तेव्हा जिना रिकामा होता. आम्हाला दिसू नये म्हणून त्या वरच्या मजल्यावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी साहेब येणार होते. निदान तसं म्हणाले होते. मॅडम सकाळपासून गेट ते हॉल अशा येरझाऱ्या घालत होत्या. पाहुणे आले, दीप लागला, चंदेरी पोशाखातला अंतराळवीर येऊन तरंगून गेला. पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरांची रांग झाली. मॅडम हॉलच्या दारात उभ्या, नजर रस्त्यावर.

गायत्रीने पोशाख घेतला नव्हता. शाळेच्या गणवेशात, हातात बर्फाचं पातेलं घेऊन ती आली. मी दोन दिवस खपून तिचं भाषण शुद्ध करून दिलं होतं. त्यातला एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. "हे मीटर खोटं बोलतं," तिने सुरुवात केली, "आणि त्याचं खोटं पकडणारा माणूस मी शोधलाय." तार बर्फात बुडवली, पाहुण्यांनाच पुढे बोलावून आकडा वाचायला लावला. उणे चार म्हटल्यावर हॉलमध्ये हशा पिकला. मागे उभे असलेले तिचे वडील मात्र हसले नाहीत. ते पुढे पुढे सरकत स्टेजपाशी आले होते आणि पातेल्यात वाकून बघत होते.

"मग मोठी झाल्यावर तू अशीच इंजिनिअर होणार का?" पाहुण्यांनी विचारलं.

"आधी मळ्यातली बाकीची मीटरं बघते," गायत्री म्हणाली. "मग सांगते."

टाळ्या थांबेनात. बोरसे सरसुद्धा वाजवत होते. मी मॅडमकडे पाहिलं. त्याही टाळ्या वाजवत होत्या, पण तोंड गेटकडे होतं. साहेब आले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून जिना उतरले, शेवटच्या पायरीवरून परत फिरले. हे मॅडमनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि लगेच वर्गावर निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. एक दुपार चांगली गेली, तेवढीच.

पण गायत्रीचे वडील त्या दिवशी माझ्याकडून पत्ता घेऊन गेले होते. "सर, त्या साहेबांना एकदा भेटाया पाहिजे," म्हणाले होते. "आमच्याकडं सगळ्यांचीच मीटरं हायेत. आकडा बघून पाणी सोडतो आम्ही. कोणतं खरं, कोणाला म्हाईत."

पुढच्या रविवारी दुपारी मी दूध आणायला कोपऱ्यावरच्या डेअरीत गेलो. काउंटरवर आहेर मॅडम.

"बर्फ द्या हो लवकर, आहे तेवढा सगळा द्या." मला बघून त्या वळल्या. "सर! थेटे आलेत. त्यांच्या शेजारच्या मळ्यातले पण आलेत. हॉलभर मीटरं आणि वायरी पसरल्यात, पाय ठेवायला जागा नाही. आमच्या फ्रिजचा बर्फ पुरेना."

"साहेब बोलतायत?"

"बोलतायत? भांडतायत! एकाने मीटर उन्हात टांगलं होतं, त्याला असा झापला. मग थेट्यांनी विचारलं, साहेब, आमच्या मळ्यात येऊन बघाल का? तर म्हणाले, दाराशी लावलंय ना, ते आधी हलवा, मग येतो." मॅडमना श्वास घ्यायला वेळ नव्हता. "मी आपलं मधे विचारलं, की आता हे नेमकं काय करताय, तर माझ्यावर खेकसले. म्हणाले, तू जरा गप्प बस गं. शाळेत बडबड, घरी आलीस की बडबड, त्या सिग्नलवाल्याचं झालं, त्या बटणवाल्याचं झालं, रोज कान किटवतेस. जा, बर्फ आण."

मी हसलो. मॅडम हसत नव्हत्या. दुकानदाराने बर्फाची पिशवी काउंटरवर ठेवली तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

"सिग्नलवाला म्हणाले, सर," त्या हळूच म्हणाल्या. "बटणवाला म्हणाले. म्हणजे इतके दिवस ते सगळं ऐकत होते."

पिशवीतून पाणी गळून काउंटरवर ओघळ आला होता. मॅडमनी पदराने आधी तो पुसला, मग चेहरा. पिशवी छातीशी धरली आणि रस्ता ओलांडून घराकडे पळाल्या.